आपल्याला कोण वळवतं आणि कसं? (चाटी गल्लीपासून व्हिडिओ कॉलपर्यंत)

होटगी_रोड (धागाकर्ता)

ग्राहकांना तक्रारी लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. समोर येऊन बसलेला माणूस किती पैसे गेले ते आधी सांगत नाही. "मला कसं कळलं नाही हो?" इथून सुरुवात होते. यात बँकेतून निवृत्त झालेले असतात, गणिताचे शिक्षक असतात, स्वतःचं दुकान चालवणारेही असतात. लाजेपायी घरात सांगायला उशीर होतो, पोलिसांत जायला त्याहून उशीर, आणि तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. ही लाज कमी व्हावी म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की माणूस वळवला जातो तो अक्कल कमी असते म्हणून नव्हे. घेतल्याची परतफेड करावी, दिला शब्द पाळावा, जाणत्याचं ऐकावं, चारचौघांना धरून राहावं, या सवयींवर आपली घरं, गल्ल्या, भिशी, लग्नकार्यं चालतात. वळवणारा नेमका तिथेच हात घालतो.

आपल्या सोलापूरच्या चाटी गल्लीत बस्ता बांधायला गेलेलं एखादं कुटुंब डोळ्यांपुढे आणा. गादीवर टेकताच पाणी येतं, पाठोपाठ चहा. "घेऊ नका मालक, नुसतं बगा. बगायला काय पैसे पडत न्हाईत." पहिली साडी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट किमतीची निघते. ती बाजूला सारली की पुढची महाग असूनही परवडेल अशी वाटायला लागते. दुकानातला मुलगा एकामागून एक घड्या मोडत जातो, ढीग गुडघ्यापर्यंत येतो आणि मुलीच्या आईला तो ढीग बघून रिकाम्या हाती उठवत नाही.

1971 साली डेनिस रीगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हेच तपासलं. प्रयोगाला आलेल्या काही जणांना सोबतच्या माणसानं न मागता कोका-कोला आणून दिला. थोड्या वेळानं त्याच माणसानं सोडतीची तिकिटं विकायला काढली. कोला मिळालेल्यांनी जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एरवी विकणारा आवडला तर तिकिटं जास्त खपायची. कोला घेतल्यावर मात्र तो आवडला काय, न आवडला काय, फरक पडेना. नको असलेला उपकारसुद्धा उपकारच ठरतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते यालाच.

दुसरं उदाहरण दारावरचं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, साठवून ठेवावं लागतं, त्यामुळे पाण्याचा विषय काढला की कुणीही दार उघडतं. "विकायला आलो नाही, फुकट तपासणी आहे," म्हणत फिल्टर विकणारे येतात. मग दोन ग्लासांत विजेच्या पट्ट्या सोडतात. नळाचं पाणी तांबूस-काळपट होतं, फिल्टरचं स्वच्छ राहतं, आणि घरातली आई घाबरते. खरं तर तो रंग वीज वाहताना झिजणाऱ्या लोखंडी पट्टीचा. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही, म्हणून दुसरा ग्लास स्वच्छ. फिल्टरच्या पाण्यात साधं मीठ टाकलं तरी तोच तमाशा होईल. पण तोवर फॉर्मवर नाव आणि नंबर लिहून झालेला असतो, "मुलांच्या तब्येतीची काळजी आहे ना?" याला हो म्हणून झालेलं असतं.

हे लहानसं 'हो' किती लांब नेतं हे फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी 1966 मध्ये कॅलिफोर्नियात दाखवलं. अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं थेट विचारलं तेव्हा 17 टक्के लोक तयार झाले. ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी याच विषयावरची तीन इंची पाटी लावून घेतली होती, त्यांच्यात 76 टक्के तयार झाले. मधल्या काळात त्यांना कुणी काही पटवलं नव्हतं. 'आपण रस्ता सुरक्षेसाठी काही करणारी माणसं आहोत' हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

तुमचे अनुभव लिहा. विकणाऱ्यांचेही हवेत.

चाटी_गल्ली

मालक, आमच्या गल्लीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. कापडाचं दुकान आजोबांपासून आहे. चहा पाजतो, ढीग मोडतो, महागाची आधी दाखवतो, सगळं खरं. पण साडी घडीत कळत नाही. पदर उलगडून, उजेडात धरून, अंगावर टाकूनच कळते. आणि थोरल्या लेकीचा बस्ता ज्याच्याकडे बांधला त्याच्याकडेच धाकटीचा बांधायला लोक येतात. तोंड दाखवायचं असतंय आम्हाला. चहा न पाजता दुकान चालवून बघा कुणीबी, गिऱ्हाईक म्हणेल माणुसकी नाही.

चुकीचं काय ते पण सांगतो. मागं गोडाऊनमध्ये गठ्ठा पडलेला असताना "हा शेवटचा पीस" म्हणणं. पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून गळ्यात मारणं. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते काय उगीच मिळालं नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला "सोलापूर" एवढा शब्द दाखवला की तो पोत बघत नाही. त्याचा आमच्या नावावरचा विश्वास कुणीतरी दुसराच विकून खातोय, याचा मला फार राग येतो.

एमए_मानसशास्त्र

चाटी_गल्ली यांनी 'शेवटचा पीस'चा उल्लेख केला, त्यावर वर्चेल आणि सहकाऱ्यांचा 1975 चा प्रयोग आहे. एका बरणीत दहा बिस्किटं, दुसरीत तीच दोन. दोनवाल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं. बरणीत आधी दहा होती आणि डोळ्यांदेखत दोन उरली, तर ओढ आणखी वाढली. ऑनलाइन खरेदीत "फक्त 2 शिल्लक, 14 जण बघत आहेत" असं जे चमकतं ते हेच. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये अशा 13 क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खोटी घाई लावणं आहे, न विचारता टोपलीत वस्तू घालणं आहे, "नको, मला कुटुंबाची काळजी नाही" असं बटण ठेवून लाजवणंही आहे.

या सगळ्याची मांडणी केली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डीनी यांनी. त्यांची पद्धत मला आवडते. विक्रेत्यांच्या आणि देणग्या गोळा करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात ते स्वतः शिकाऊ म्हणून शिरले आणि तिथं काय शिकवतात ते पाहिलं. परतफेड, बांधिलकी, लोकांचं बघून करणं, आवड, अधिकार, टंचाई हे सहा धागे त्यातून निघाले. पुढे 2016 मध्ये 'आपलेपणा' हा सातवा आला.

कडक_भाकरी

गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) होम मैदानावर भाजी चिरायच्या यंत्राचा स्टॉल बघितलाय का कुणी? काकडीचे गोल, गाजराची फुलं, बटाट्याचे काप. गर्दीतून एकजण पुढं होतो, "मला दोन द्या" म्हणतो, मग बायका पर्स उघडतात. आम्ही पोरं शेजारी पाळण्याच्या रांगेत उभं राहून बघायचो. तोच माणूस तासाभरानं परत येऊन परत दोन घ्यायचा.

एमए_मानसशास्त्र

कडक_भाकरी, अगदी यावरच प्रयोग झालाय. 1969 मध्ये मिलग्रम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसं उभी करून एका इमारतीच्या खिडकीकडे वर बघायला लावलं. एकच माणूस बघत असताना येणाऱ्याजाणाऱ्यांतले 4 टक्के थांबले. पंधरा जण बघत असताना 40 टक्के. खिडकीत काही नव्हतं.

टॉवेलवाला

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत. टेरी टॉवेल हॉटेलांना जातो, म्हणून एक संशोधन लक्षात राहिलंय. हॉटेलं खोलीत कार्ड ठेवतात, 'टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा'. गोल्डस्टीन, चाल्डीनी आणि ग्रिस्केविशियस यांनी 2008 मध्ये त्या कार्डावरचा मजकूर बदलून पाहिला. पर्यावरणाच्या आवाहनाला 35 टक्के पाहुण्यांनी साथ दिली. 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिलं तेव्हा 44 टक्के. 'या खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' असं लिहिलं तेव्हा 49 टक्क्यांपर्यंत गेलं.

मात्र 2014 मध्ये जर्मनीतल्या हॉटेलांत हेच करून पाहिलं तेव्हा खोलीच्या उल्लेखाचा असा फायदा दिसला नाही. तिथले लोक मुळातच टॉवेल पुन्हा वापरण्यात पुढे होते. त्यामुळे कुणी "ही सात सूत्रं वापरा, विक्री दुप्पट" म्हणून वर्कशॉप विकत असेल, तर त्यालाही हीच मोजपट्टी लावावी.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. थोडी आपल्याकडची भर घालतो. साम, दान, भेद, दंड सर्वांना पाठ असतात, पण कौटिल्यानं सामाचेही पाच प्रकार केले आहेत. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, राजाची पत्रं कशी लिहावीत या प्रकरणात ते येतात. गुणसंकीर्तन म्हणजे समोरच्याची स्तुती. संबंधोपाख्यान म्हणजे नातं, कूळ, ओळख काढणं. परस्परोपकारसंदर्शन म्हणजे एकमेकांवरचे उपकार दाखवून देणं. आयतिप्रदर्शन म्हणजे 'असं केलं तर पुढे दोघांचं भलं' हे दाखवणं. आणि आत्मोपनिधान, म्हणजे 'माझं ते तुमचंच समजा'.

चाल्डीनींची आवड, आपलेपणा आणि परतफेड यांत सरळ दिसतात. संबंधोपाख्यान तर सोलापुरात रोज ऐकू येतं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मालक त्याच्या बोलण्यावरून ओळखतो. पूर्व भागातलं असेल तर तेलुगू, अक्कलकोटकडचं असेल तर कन्नड, विजापूर वेशीचं असेल तर दखनी. दोन वाक्यांत गाव निघतं, चौथ्या वाक्यात पाहुणे निघतात. यात मला वावगं वाटत नाही. चार भाषा बोलणारं शहर असंच एकत्र नांदतं. मात्र सौदा भाषेशी होत नाही, मालाशी होतो, एवढं भान हवं.

जुळे_सोलापूर

मला त्या 'बिझनेस मीटिंग'बद्दल लिहायचंय. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या नणंदेला शेजारणीनं "नुसतं ऐकायला चल" म्हणून मंगल कार्यालयात नेलं. मी सोबत होते. दारात गुलाबाचं फूल. आत मोठ्या आवाजात गाणी. स्टेजवर एकामागून एक माणसं, कोण आधी रिक्षा चालवायचं, कोण विड्या वळायचं, आता गाडी घेतली. प्रत्येकाला टाळ्या, आणि टाळ्या उभं राहून. बसून राहणारी बाई एकटी दिसते. मग सगळ्यांना वही देऊन 'माझी पाच स्वप्नं' लिहायला लावली आणि ती शेजारच्याला वाचून दाखवायला सांगितली. नणंदेनं मुलाचं इंजिनिअरिंग लिहिलं. त्यानंतर पैसे भरायचा फॉर्म आला. आता "नको" म्हणणं म्हणजे योजनेला नको म्हणणं राहिलंच नव्हतं. मुलाच्या शिक्षणाला नको म्हणल्यासारखं झालं होतं.

शेजारीण वाईट नाही हो. तिला स्वतःला खरं वाटत होतं. म्हणूनच तिचं ऐकलं जातं.

होटगी_रोड

ताई, फार नेमकं लिहिलंत. स्वतःच्या हातानं लिहिलेलं आणि चारचौघांत वाचलेलं माणूस सहजी मोडत नाही, आणि ही मंडळी ते जाणूनच वही देतात.

कायद्याचं सांगतो. 2021 च्या थेट विक्री नियमांनुसार पिरॅमिड योजनेला (नुसती माणसं जोडून कमाई) बंदी आहे, सामील होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही, आणि ठरावीक मुदतीत माल परत करून बाहेर पडायची सोय ठेवावी लागते. त्याआधीपासून 1978 चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहेच. म्हणून "कमाई माल विकून होते की माणसं जोडून?" हा प्रश्न सभेत मोठ्यानं विचारावा. ग्राहक हेल्पलाइन 1915.

मोठ्यानं का, ते सोलोमन ॲश यांच्या 1951 पासूनच्या प्रयोगांत दिसतं. तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कोणती, इतकं सोपं काम. खोलीतले बाकी सगळे सामील असायचे आणि ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. चारपैकी तिघे निदान एकदा तरी गर्दीबरोबर गेले. पण त्या खोलीत एकच माणूस खरं उत्तर देणारा ठेवला की गर्दीमागं जाणं एकदम घसरलं. नणंदेच्या शेजारी तुम्ही होतात, ही मोठी गोष्ट होती.

एमए_मानसशास्त्र

पूरक: ॲशच्या त्याच प्रयोगात चारपैकी एक माणूस एकदाही झुकला नाही, आणि एकूण उत्तरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश बरोबरच होती. 'माणूस म्हणजे मेंढरू' असा निष्कर्ष त्यातून काढणं अन्याय आहे.

पूर्व_भाग

मी विडी घरकुलात आशा कार्यकर्ती आहे. माझं कामच पटवायचं. लसीला, तपासणीला, तंबाखू सोडायला. तुमच्या धाग्यात पटवणारा म्हणजे चोर असं वाटायला लागलं म्हणून लिहिते.

सुरुवातीला मी घाबरवायचे. कॅन्सरचे फोटो दाखवायचे. विड्या वळणाऱ्या बाया तंबाखूतच बसलेल्या असतात दिवसभर, मिसरी लावतात. फोटो बघितला की तोंड फिरवायच्या, मी गेल्यावर परत लावायच्या. मग एका प्रशिक्षणात वेगळी पद्धत शिकवली. आता मी विचारते, "अक्का, सोडायचं मनात दहापैकी किती आहे?" त्या म्हणतात, "तीन." आधी मी म्हणले असते, तीनच का? आता विचारते, "एक का न्हाई मग?" तेव्हा बाई विचार करते. "नातू जवळ घेतला तर तोंडाचा वास येतो म्हणतो." हे तिनं म्हणलं, मी न्हाई. पुढच्या वेळेला मी तेवढंच विचारते, नातू काय म्हणतो? सगळ्या सोडतात असं नाही. पण दार लावून घेत नाहीत.

तेलुगूत बोलते हे पण खरं. आमच्या बायांना मराठी कळतं, पण दुखणं तेलुगूतच सांगतात.

एमए_मानसशास्त्र

पूर्व_भाग, ही विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह वाढवलेली पद्धत आहे. दारूच्या व्यसनाच्या उपचारांतून ती आली. घाबरवून का जमत नाही याचं एक उत्तर जॅक ब्रेम यांनी 1966 मध्ये दिलं होतं. आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस नेमकं उलट करायला जातो. तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात मोलाचा आहे.

चाटी_गल्ली

अक्का, मानलं.

सात_रस्ता

सगळं वाचलं. पण जाणून उपयोग काय? माझे सासरे पेपर रोज वाचतात, 'डिजिटल अटक' म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर धमकावून पैसे काढतो, हे त्यांना माहीत होतं. तरी व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस बघून हात थरथरायला लागले. बायकोनं फोन हिसकावला म्हणून वाचले.

होटगी_रोड

तुमच्या सासूबाईंनी केलं तेच औषध आहे.

मिलग्रम यांचा येल विद्यापीठातला विजेच्या झटक्यांचा प्रयोग आठवा. शास्त्रज्ञ सांगेल तसे दुसऱ्या माणसाला वाढते झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना खरे वाटत होते. 1963 मध्ये छापलेल्या निकालात 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. त्या प्रयोगाच्या नैतिकतेवर आणि पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, ती योग्यही आहे. पण त्याचे जे इतर प्रकार त्यांनी करून पाहिले ते आपल्या कामाचे आहेत. हुकूम देणारा खोलीतून निघून फोनवरून सांगू लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचांत एकावर आले. दोन शास्त्रज्ञ एकमेकांच्या उलट सांगू लागले तेव्हा कुणीच शेवटपर्यंत गेलं नाही.

आता व्हिडिओ कॉलवाले काय करतात बघा. कॅमेरा बंद करू देत नाहीत, खोलीचं दार लावून घ्यायला सांगतात, घरात कुणाला बोललात तर गुन्हा म्हणतात. अधिकारी सतत समोर हवा आणि दुसरा आवाज कानावर पडता कामा नये, एवढ्यासाठीच ही धडपड. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

आणि नुसतं माहीत असणं पुरत नाही, हे तुमचं बरोबर. विल्यम मॅग्वायर यांनी 1960 च्या दशकात यावर काम केलं. 'रोज दात घासावेत' यासारख्या, कधी कुणी वाद न घातलेल्या गोष्टींविरुद्ध युक्तिवाद ऐकवले की लोक चटकन डळमळायचे. ज्यांना आधी त्याच प्रकारचा हल्ला सौम्य रूपात दाखवून त्याचं उत्तरही दिलं होतं, ते टिकले. लसीसारखंच. म्हणजे पेपरात बातमी वाचण्यापेक्षा घरात एकदा खोटा कॉल करून पाहिलेला बरा.

जुळे_सोलापूर

आमच्या भिशीत पुढच्या बैठकीला हे करून बघू का? बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. एकीला फोन येईल, वर्दीतला माणूस दटावेल, बाकीच्या बघतील. पण आधी सांगून करायचं. न सांगता केलं तर कुणाला त्रास व्हायचा, बीपीच्या गोळ्या सगळ्यांच्या चालू आहेत.

होटगी_रोड

सांगूनच करा. आणि कॉल चालू असतानाच दुसरीनं मध्ये बोलायचं, हे नक्की ठेवा. "थांबा, मी मुलाला विचारते" हे वाक्य प्रत्येकीकडून मोठ्यानं म्हणून घ्या.

निवृत्त_मास्तर

अधिकाऱ्याचं काम मी करतो. चाळीस वर्षं वर्गात दटावलंय. मजकूर लिहून आधी होटगी_रोड यांना दाखवतो.

पूर्व_भाग

मास्तर, ते झालं की आमच्याकडे पण या. मजकूर तेलुगूत मी करून देते.